सुलेमाबाई आणि शेपटीतली अँटेना

सुलेमाबाई बारेतो स्वतः कधी विमानात बसल्या नव्हत्या, पण आमच्या पासो सेइबाल गावातल्या विमान क्लबातला एकही रेडिओ त्यांचा हात लागल्याशिवाय धड बोलत नसे. बावीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजवर होत्या. कोणाचा आवाज बसलाय, कोण नुकतंच रडून फोनवर आलंय, हे त्यांना नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. ते त्या कुणाला सांगत मात्र नसत. दोघं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, ही एक्स्चेंजवरची पहिली शिकवण, आणि ती त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की बाहेरसुद्धा कोणी जोरात बोलायला लागलं की बाई गप्प व्हायच्या.

मग आपोआप जोडणी करणारी यंत्रं आली आणि बाईंना घरी बसवलं. त्यांनी टपालाने रेडिओदुरुस्तीचा अभ्यास केला, स्वयंपाकघरातलं मोठं टेबल रिकामं केलं आणि पाराना नदीतल्या बेटांवरच्या गुराख्यांचे, नावाड्यांचे आणि शेवटी आमच्या क्लबचे रेडिओ उघडायला घेतले. मी तेव्हा क्लबाचा सचिव होतो. सचिव म्हणजे किल्ल्या माझ्याकडे, पेट्रोलचा पंप माझ्याकडे आणि सगळ्यांची बोलणीही मलाच.

आन्सेल्मो प्रांदी हा बाईंच्या शाळेतल्या वर्गातला. नदीकाठी त्याची शेड होती, तिथे तो फायबरच्या बोटी करायचा. बायको गेल्यावर त्याने त्याच शेडमध्ये बोटींच्या मागे एक विमान करायला घेतलं. दोन माणसांचं, फायबरचं, पांढरंशुभ्र. सात हिवाळे गेले त्यात. त्याची मुलगी फाबियाना शाळेत शिकवायची. तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी सुलेमाबाईंनीच तिला हातांवर घेतलं होतं, त्यामुळे ती बाईंना 'माद्रीना', म्हणजे धर्ममाता, म्हणायची आणि आईच्या माघारी सगळं काही त्यांनाच सांगायची.

विमान तयार होत आलं तेव्हा रेडिओच्या अँटेनेवरून वाद सुरू झाला. धातूच्या विमानाला पाठीवर एक काठी ठोकली की काम भागतं, कारण खालचा पत्राच अँटेनेची दुसरी बाजू सांभाळतो. फायबरच्या विमानाला तो पत्रा नसतो. बाईंचं म्हणणं, आतून अॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवू आणि वर काठी लावू. आन्सेल्मोला ते कल्पनेतही सहन होईना. सात वर्षं घासून घासून गुळगुळीत केलेल्या अंगावर एक काठी उभी राहणार.

शेवटी बाईंनीच वाट काढली. शेपटीचा उभा पंख फायबरचा होता, आतून पोकळ. फायबरमधून रेडिओच्या लहरी सहज जातात. मग अँटेना पंखाच्या आतच बसवायची. तांब्याच्या दोन पट्ट्या, एक वर जाणारी आणि एक खाली, मधोमध केबल. प्रत्येक पट्टी साधारण सत्तावन्न सेंटिमीटर, पण बाईंनी मुद्दाम बासष्टच्या कापल्या. "लांब पट्टी कापून कमी करता येते, आखूड वाढवता येत नाही," असं त्या म्हणाल्या आणि तीन दिवस शेपटीशेजारी स्टुलावर बसून, मीटर लावून, नखाएवढा एकेक तुकडा कापत राहिल्या. केबल जिथे पट्ट्यांना जोडली तिथे तिच्यावर काळे फेराइटचे मणी ओवले, म्हणजे केबल स्वतःच अँटेनेसारखी वागायला लागत नाही. इंजिनाच्या ठिणगीच्या तारा विमानाच्या डाव्या बाजूने, तर ही केबल उजव्या बाजूने. अपघात झाला तर संदेश पाठवणारं छोटं यंत्र सीटच्या मागे असतं, त्याची अँटेना त्यांनी होता होईल तेवढी लांब बसवली, कारण दोन अँटेना जवळ आल्या की एकमेकींचं काम बिघडवतात.

सगळं झाल्यावर त्यांनी आन्सेल्मोला एकच अट घातली. या पंखाच्या आसपास धातू नको, धातूचा रंग नको आणि कार्बनचं कापड तर अजिबात नको. कार्बन दिसायला कापड असतं, पण रेडिओला ते पत्र्यासारखंच. आन्सेल्मोने हो म्हटलं. तेव्हा ते खरंच होतं.

चाचणीची उड्डाणं धावपट्टीच्या आसपास झाली. रेडिओ असा लख्ख ऐकू यायचा की आमचा उड्डाण-शिक्षक ओरेस्तेस, ज्याने आयुष्यभरात कुणाचं कौतुक केलं नव्हतं, तोही म्हणाला, बाईंनी शेपटीत चर्चची घंटा बसवली आहे. एक तक्रार मात्र निघाली. वेग वाढला की पंखाच्या मागचं सुकाणू थरथरायचं. ओरेस्तेसने ते ऐकून सरळ सांगितलं की हे अंगावर येईल, सुकाणू बदल. आन्सेल्मोने नवं केलं. हलकं, ताठ, सुरेख. शर्यतीच्या बोटी करणाऱ्या एका ओळखीच्याकडून कार्बनचं कापड आणून त्याने ते केलं, वर पांढरा रंग दिला आणि अट विसरून गेला. मुद्दाम नव्हे. त्याच्या डोक्यात अँटेना पंखात होती आणि सुकाणू हा वेगळा भाग होता.

ऑगस्ट शहाण्णव. रविवारी नदीपलीकडच्या सांता फे प्रांतातल्या एका क्लबाचा मेळावा होता आणि आन्सेल्मो फाबियानाला घेऊन जाणार होता. शुक्रवारी दुपारी सुलेमाबाई शेवटची तपासणी करायला आल्या. त्या शंभर पावलांवर मीटर घेऊन उभ्या राहिल्या. आन्सेल्मो आत बसून रेडिओवर बोलत राहिला आणि मी शेपूट धरून विमान जागच्या जागी हळूहळू गोल फिरवलं. नाक बाईंकडे असताना काटा चढलेला. बाजूला वळलं की थोडा खाली. शेपूट बाईंकडे झालं आणि काटा पडलाच.

बाईंनी मला पुन्हा फिरवायला लावलं. पुन्हा तेच. त्या जवळ आल्या, सुकाणूवर बोटाने टकटक केली आणि खालच्या कडेला जिथे रंगाचा टवका उडाला होता तिथे वाकून पाहिलं. आत काळं होतं.

"आन्सेल्मो, हे कार्बन आहे."

"सुकाणू आहे ते. पंख नाही."

"अँटेनेच्या मागे वीतभर अंतरावर आहे. मागच्या बाजूला भिंत उभी केलीस तू. आमच्याकडे पाठ करून उडशील तेव्हा ना तुझं आम्हाला ऐकू येणार, ना आमचं तुला."

आन्सेल्मोने मेळाव्याला येतो म्हणून कळवलं होतं. जुनं थरथरणारं सुकाणू लावून तो उडणार नव्हता आणि नवं करायला दोन आठवडे लागले असते. तो आवाज चढवून बोलायला लागला. नदी ओलांडायला पन्नास मिनिटं लागतात, लोक रेडिओशिवाय समुद्र ओलांडत होते, आल्यावर बघू, तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. बाई मीटरची वायर हातावर गुंडाळत उभ्या होत्या. मला वाटलं आता काहीतरी बोलतील.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आल्यावर बघू."

ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मीही काही बोललो नाही.

रविवारी सकाळी आकाश स्वच्छ होतं. आन्सेल्मो आणि फाबियाना नऊ वाजता उडाले. दहा मिनिटांत त्यांचा आवाज विरत गेला, कारण शेपूट आमच्याकडे होतं. दहाला पलीकडच्या क्लबातून फोन आला की पोचले. बाईंनी माते या कडवट चहाची किटली भरून आणली आणि त्या क्लबाच्या खोलीत रेडिओसमोर बसल्या. संध्याकाळपर्यंत मी इथेच आहे, म्हणाल्या.

आमच्या आणि पलीकडच्या काठामध्ये पन्नास-साठ किलोमीटर नुसती बेटं आहेत. दलदल, ओढे, वाळलेलं गवत. गुरांना नवं गवत यावं म्हणून लोक ते जाळतात. त्या दिवशी दुपारी वारा फिरला आणि उत्तरेकडे लागलेल्या आगींचा धूर नदीवर उतरला. आमच्या धावपट्टीवर ऊन होतं, पण पश्चिमेला कोणी राखाडी गोधडी पसरल्यासारखं दिसत होतं. बाईंनी पलीकडे फोन लावला. विमान पाच मिनिटांपूर्वी उडालं होतं. साडेतीन झाले होते. टाकीत सव्वादोन तासांचं पेट्रोल.

चार वाजता आन्सेल्मोचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. धुरावर आहे, खाली काही दिसत नाही, पुढे धूर वर वर चढतोय. बाईंनी इथे ऊन असल्याचं सांगितलं, सरळ येत राहा म्हटलं. थोड्या वेळाने तो पुन्हा बोलला. आता तो धुराच्या आत शिरला होता, फाबियाना खोकत होती.

"मी मागे फिरतो," तो म्हणाला. त्यानंतर खरखर.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा क्लब. धूर त्यांच्याकडे पोचला होता, त्यांना स्वतःच्या धावपट्टीचं दुसरं टोक दिसत नव्हतं, त्यांनी पट्टी बंद केली होती.

बाईंनी माइक उचलला. "आन्सेल्मो, मागे जाऊ नकोस. पलीकडे बंद आहे. इकडे ऊन आहे. इकडे ये." खरखर. त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा. मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर ती शुक्रवारची काटा पडलेली तबकडी होती. त्याचं शेपूट आमच्याकडे होतं. आम्ही भिंतीशी बोलत होतो.

ओरेस्तेस धावत आला. त्याने बाईंच्या हातातून माइक घेतला. उद्धटपणे नव्हे, दोन हजार तास उडालेला माणूस घेतो तसा. बाईंनी दिला आणि खुर्ची मागे सरकवली. ओरेस्तेस त्याला वर चढायला सांगत राहिला, उत्तरेच्या मोठ्या विमानतळाकडे जा म्हणून सांगत राहिला. पाच वाजत आले. मध्येच शब्दाचा तुकडा यायचा, 'दिसत ना', मग 'पाणी', मग काही नाही. क्लबातली माणसं दारात गोळा झाली होती. कोणीतरी बेटावरच्या पोलिसांना होडी काढायला सांगा म्हणालं, आणि होडी कशासाठी ते सगळ्यांना कळलं.

सुलेमाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं प्रार्थना करताहेत. मग दिसलं की त्यांचं बोट टेबलावर हळूहळू ठोके देतंय. तुकडा आला की बोट थांबायचं. पुन्हा सुरू. त्या मोजत होत्या.

"ओरेस्तेस, माइक द्या."

"बाई, एक मिनिट, मी त्याला—"

"तो वाट चुकून गोल फिरतोय. दर दोन मिनिटांनी त्याचा आवाज येतो आणि जातो. येतो तेव्हा त्याचं नाक आपल्याकडे असतं. माइक द्या इकडे."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. पण ओरेस्तेसने माइक दिला. मग त्याच्याही लक्षात आलं आणि तो बाईंच्या कानाशी वाकून भराभर बोलला, की वळत असताना होकायंत्र खोटं दाखवतं, त्याला सरळ उडायला सांगा, एकेका दिशेला थोडं थोडं. बाईंनी मान हलवली. मग त्यांनी एक वाक्य ठरवलं आणि एक्स्चेंजवरच्या त्या सपाट, घाई नसलेल्या आवाजात म्हणायला लागल्या.

"आन्सेल्मो, गोल फिरू नकोस. आठ दिशांना सरळ उड, प्रत्येक दिशेला वीस मोजेपर्यंत. फाबियाना, होकायंत्राचा आकडा वाचत राहा."

तो ऐकू शकेल असे वीस-तीस सेकंदच एका फेरीत होते आणि ते नेमके केव्हा येतील हे माहीत नव्हतं. म्हणून त्या थांबल्याच नाहीत. वाक्य म्हणायचं, तीन सेकंद कान द्यायचा, पुन्हा वाक्य. मी मोजलं नाही, पण वीसेक वेळा तरी झालं असेल. त्यांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला आणि त्यांनी तो पुसला नाही.

आणि मग फाबियानाचा आवाज आला. खोकत, पण वर्गात बोलते तसा.

"माद्रीना, कळलं. आकडा वाचते. नव्वद. नव्वद. नव्वद."

ते आम्हाला बऱ्यापैकी ऐकू आलं. मग विमान वळतानाची खरखर. त्यानंतर कितीतरी वेळ काहीच नाही. त्या शांततेत दारातल्या कोणीतरी खुर्ची सरकवली, तर ओरेस्तेसने त्याच्याकडे असं पाहिलं की तो माणूस बाहेर निघून गेला. सव्वापाच. पुन्हा कुजबुजीएवढा आवाज, 'शून्य, शून्य'. आणि त्यानंतर अगदी खोलीत आल्यासारखी, "पंचेचाळीस. पंचेचाळीस. पंचेचाळीस."

"तीच," बाई म्हणाल्या. "शून्यापेक्षा नव्वदला जास्त ऐकू आलं, म्हणजे पंचेचाळीसच्या जरा उजवीकडे. पंचावन्न धर, आन्सेल्मो. पंचावन्नवर सरळ ये. फाबियाना, तू बोलत राहा. थांबू नकोस. तुझा आवाज कमी झाला तर मी सांगेन."

"काय बोलू?"

"काहीही. वर्गाची हजेरी घे."

मग फाबियानाने हजेरी घ्यायला सुरुवात केली. धुरातून, कुठल्यातरी दलदलीवरून, तिसरीच्या वर्गातल्या अठ्ठावीस मुलांची नावं आमच्या खोलीत यायला लागली. आगुएरो, मिल्टन. बाल्डी, रोसारियो. सेस्पेदेस, नाहुएल. दारात उभ्या असलेल्यांपैकी तिघा-चौघांची मुलं त्या वर्गात होती. नाव आलं की तो माणूस खाली बघायचा. एकदा आवाज पातळ झाला आणि बाईंनी पाच अंश डावीकडे घ्यायला लावलं. आवाज भरून आला. यादी संपली की ती पुन्हा पहिल्यापासून.

आन्सेल्मो मध्ये एकदाच बोलला. टाकीचा काटा तळाशी टेकलाय, तो म्हणाला. बाईंनी फाबियानाला पुढचं नाव विचारलं.

दुसऱ्यांदा हजेरी सुरू असताना, लेदेस्मा या नावावर, ती थांबली.

"काठ दिसतोय," फाबियाना म्हणाली. "बाबा, काठ. धान्याच्या टाक्या दिसताहेत."

पाच वाजून अडतीस मिनिटांनी ते उतरले. धावपट्टीवरून परत येताना, पंपाच्या अलीकडे, इंजिन आपलं आपण थांबलं. आम्ही ढकलत आणलं. पांढरं विमान राखेने करडं झालं होतं. फाबियाना खाली उतरली, गवतात गुडघ्यावर बसली आणि ओकली. आन्सेल्मो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याला हात कुठे ठेवावा हेच जणू कळत नव्हतं.

बाई बाहेर आल्या नाहीत. मी आत गेलो तर त्या खुर्चीतच होत्या. मी पाणी दिलं.

आन्सेल्मो आला. दारात थांबला. सुकाणू उद्या काढतो, म्हणाला.

"आत्ता काढ," बाई म्हणाल्या.

ओरेस्तेसला हायसं वाटलं होतं आणि हायसं वाटलं की माणूस काहीतरी बोलून जातो. तो हसत म्हणाला, उलट ते सुकाणू जपून ठेवा, त्या कार्बनमुळेच तर दिशा सापडली, काय नशीब बघा. बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्यांना इतकं रागावलेलं मी तेव्हाच काय ते पाहिलं.

"नशीब? मी चार वाजता सांगत होते, मागे जाऊ नकोस म्हणून. ऐकू आलं असतं तर साडेचारला ते दोघं इथे माते पीत बसले असते." मग आन्सेल्मोकडे वळून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आणि शुक्रवारी मला माहीत होतं. तू ओरडलास आणि मी ठीक म्हटलं. ते ठीक नव्हतं. मला माहीत असून मी तुझ्याबरोबर पोरीला जाऊ दिलं."

"कार्बन मी लावला, सुले."

"हो. तू लावलास. आणि मी ठीक म्हटलं."

आन्सेल्मो पाना घेऊन बाहेर गेला. फाबियाना आत आली, तोंड धुतलेलं, डोळे लाल. ती बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून लगेच झोपली. बाहेर सुकाणूचे बोल्ट सुटत असल्याचा आवाज येत होता. बाई हलल्या नाहीत, खांदा अवघडला तरी.

नवं सुकाणू काच-फायबरचं झालं, लाकडाच्या कण्याचं. आन्सेल्मोने ते करताना प्रत्येक थर बाईंना बोलावून दाखवला. दोघांत महिनाभर जरा अवघडलेपण होतं. एकमेकांशी फार नम्रपणे बोलायचे, आणि जुन्या मित्रांत नम्रपणा वाईट दिसतो. ऑक्टोबरात आन्सेल्मोने कुठल्यातरी मीटरवरून बाईंना 'हट्टी म्हातारी' म्हटलं, बाईंनी त्याला 'बहिरा सुतार' म्हटलं, तेव्हा आम्हाला बरं वाटलं.

त्यानंतर प्रांतात कुठेही कोणी घरी विमान केलं की बाईंना बोलावणं यायचं. फायबरचं असो, लाकूड-कापडाचं असो. बाई बसने जायच्या, मीटर पिशवीत. अँटेना कुठे आणि कोणती हे त्या मालकाशी गोडीने बोलून ठरवायच्या, पण विमान जमिनीवर पूर्ण गोल फिरवून काटा बघितल्याशिवाय होकार द्यायच्या नाहीत. लोक कंटाळायचे. एकदा कोंकोर्दियाच्या एका डॉक्टरने आवाज चढवला की मी घाईत आहे, हे काय लावलंय. बाईंनी त्याचं सगळं बोलणं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुम्ही ओरडलात म्हणून काटा वर येत नाही. शेपूट धरा." त्याने धरलं.

आता त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. उजव्या कानाने ऐकू येत नाही. मागच्या महिन्यात क्लबात एक नवं विमान तपासायला आल्या होत्या. ऊन फार होतं, म्हणून मी छत्री धरून त्यांच्या शेजारी उभा राहिलो. एका ठिकाणी काटा किंचित हलला, इतका किंचित की मला दिसलाही नाही. मालकाने विचारलं, चालेल ना एवढं?

"नाही," त्या म्हणाल्या, आणि केबल पुन्हा उघडायला लावली.